आधी घरातली पेटी उघड

सांगली

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र मिळाले. एकदा सरळ वाचले आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचले. तहसील कार्यालयात अर्ज तपासण्यात उमर गेल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे, हे मला आधी दिसते. चैत्रात तुझे वडील गेले, तेव्हापासून घरभाडे, किराणा आणि धाकट्याची शिकवणी हा सगळा भार वहिनींच्या हळदीच्या गोदामातल्या रोजगारावर आला आहे. जिथे तेलाचा डबा यायचा तिथे आता अर्ध्या लिटरची पिशवी येते. कॉलेजची फी भरायची तारीख जवळ आली आहे, आणि इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष सोडून कुपवाडच्या एखाद्या कारखान्यात नोकरी धरावी का, असे तू विचारले आहेस. शेवटी, जणू सहज सुचल्यासारखे, ओळखीतले एक गृहस्थ पन्नास हजार रुपये 'दहा टक्क्यांनी' द्यायला तयार आहेत, असेही लिहिले आहेस. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. तिच्याकडे नंतर येतो.

तू माझ्याकडे सरकारी योजनांची यादी मागितली आहेस. यादी मोबाईलवरही मिळते, आणि ती वाचून माणूस दमतो. माझा सल्ला असा आहे की, नवे काही मागायला जाण्याआधी जे तुमचेच आहे आणि अजून कोणी मागितलेले नाही ते आधी मागावे. त्यासाठी वडिलांची पत्र्याची पेटी उघड आणि त्यांचे बँकेचे पासबुक बाहेर काढ. गेल्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीच्या किंवा जूनच्या नोंदी पाहा. तिथे ४३६ रुपये वजा झाल्याची ओळ असेल, तर वडिलांनी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घेतलेला आहे, असे समज. हा विमा १ जून ते ३१ मे असा वर्षभराचा असतो, हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, आणि विमेदाराचा मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात. २० रुपयांची ओळ असेल तर तो सुरक्षा विमा. त्यात मृत्यू अपघाती असावा लागतो. जुन्या पासबुकात याच ओळी ३३० आणि १२ रुपयांच्या दिसतील, कारण २०२२ च्या जूनपर्यंत हप्ते तेवढे होते. खाते उघडताना बँकेतल्या माणसाने एका कागदावर सही घेतलेली असते, सही करणारा ते विसरून जातो, आणि घरच्यांना तर त्याचा पत्ताच नसतो. दावा शक्यतो तीस दिवसांत करावा असे नियमात आहे. तुम्हाला उशीर झाला आहे, पण त्यामुळे गप्प बसू नये. शाखेत दाव्याचा अर्ज भरून द्यावा आणि नकार मिळालाच तर तो लेखी मागावा.

दुसरा कागद म्हणजे वडिलांची पगाराची चिठ्ठी. ते फाउंड्रीत ठेकेदाराकडे होते, म्हणून 'आपल्याला कसला फंड' असे वहिनी म्हणत असल्याचे तू लिहितेस. चिठ्ठीवर पीएफची कपात आणि यूएएन नावाचा बारा आकडी क्रमांक आहे का, ते पाहा. असेल तर तीन गोष्टी निघतात: साठलेला फंड, विधवेला दरमहा निवृत्तिवेतन आणि फंडाशी जोडलेल्या विम्याची रक्कम. माणूस नोकरीत असताना गेला आणि निवृत्तिवेतन योजनेत त्याची एका महिन्याची वर्गणी जरी भरली गेलेली असली, तरी पत्नीला निवृत्तिवेतन मिळते, आणि दोन मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याचा काही हिस्सा वेगळा मिळतो. पत्नीचे किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये आहे. रक्कम लहान आहे, पण ती आयुष्यभर येते. या तिन्हींसाठी मृत्यूनंतरच्या दाव्याचा एकच एकत्रित अर्ज असतो. ठेकेदार दाद देत नसेल तर मूळ कारखान्याच्या कार्यालयात जा, कारण ठेकेदाराच्या कामगारांच्या फंडाची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर असते.

आता दाखल्यांकडे येऊ. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती महापालिकेतून एकदमच घेऊन ठेव. उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या पगारावर काढलेला असेल, तर वहिनींच्या नावाने नवा काढावा लागेल. सांगली जिल्ह्याचे ठिकाण असली तरी आपला तालुका मिरज आहे, हे नवख्या माणसाला ठाऊक नसते आणि त्यात त्याचा एक दिवस जातो. तेव्हा तुमच्या भागाचे काम कोणत्या कार्यालयात चालते, ते सेतू केंद्रात आधी विचार. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि शाळेचा दाखला समोर मांडून त्यांतली नावे अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. मी नोकरीत असताना एका बाईंचे निराधार अनुदान सात महिने अडकले होते. एका कागदावर 'आक्काताई' होते आणि दुसऱ्यावर 'अक्काताई', एवढाच फरक होता. तो अर्ज परत पाठवणारी सही माझी होती. नियमाप्रमाणे मी चूक नव्हतो, पण त्या बाई दर सोमवारी तेरा किलोमीटरवरून येऊन बाकावर बसत, आणि काय जुळत नाही हे मी त्यांना पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितले असते तर हेलपाटे वाचले असते, हे मला आजही आठवते.

नावांइतकाच त्रास खात्याचा असतो. सरकारी अनुदान हल्ली अर्जात लिहिलेल्या खात्यावर जाईलच असे नाही. आधारशी शेवटचे जे खाते जोडले गेले असेल त्यावर ते जाते. माझ्या स्वतःच्या गॅसचे अनुदान वर्षभर कुठे जात होते याचा मला पत्ता नव्हता. शेवटी कळले की, मोबाईलचे सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एक खाते उघडले होते आणि पैसे तिथे साठत होते. कारकुनाचीच ही गत, तर इतरांचे काय सांगावे! वहिनींचे आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे, ते बँकेत जाऊन विचारून घे.

रेशनकार्डातून वडिलांचे नाव कमी करावे लागेल. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे, त्यामुळे नाव कमी केले की पाच किलो कमी होणार, म्हणून बरेच लोक ते तसेच ठेवतात. तू तसे करू नकोस. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून प्रत्येकाची ओळख पडताळणे, सुरू झाल्यापासून अशी नावे उघडकीस येतात आणि मग पूर्ण कार्डाचेच धान्य थांबण्याची भीती असते. कुटुंबप्रमुख म्हणून वहिनींचे नाव लावून घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानेच घरातली ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख धरली आहे, त्यामुळे त्यासाठी कोणाची मनधरणी करायला नको.

आता तुझ्या फीबद्दल, कारण पन्नास हजारांचा विषय तिथूनच निघाला आहे. 'पप्पांनी पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरू दिला नाही, आपल्याला फुकटचे नको म्हणाले,' असे तू लिहिले आहेस. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. तथापि तुझा प्रवेश सामायिक प्रवेश प्रक्रियेतून झालेला आहे, घराचे उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ आत आहे, आणि राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या अशा मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क स्वतःकडे घेतले आहे. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर या वर्षाचा अर्ज भर. अर्ज भरून काम संपत नाही, हे लक्षात ठेव; तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथल्या कारकुनाने पुढे ढकलेपर्यंत तिथेच पडून राहतो. म्हणून आठवड्यातून एकदा स्थिती तपासावी आणि तो अडकलेला दिसला तर शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीशी जाऊन उभे राहावे. फी भरण्याची तारीख आली तर अर्जाची प्रत जोडून प्राचार्यांना लेखी विनंती कर. कुपवाडहून रोज येतेस, तर एस.टी.चा विद्यार्थी पासही काढ. तो एक तृतीयांश भाड्यात पडतो.

धाकट्यासाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा, त्यानंतर घरी येऊन चौकशी होते आणि बालकल्याण समिती मंजुरी देते. हे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतील असे धरून घरखर्च बसवू नकोस. आले की त्याच्या शाळेच्या खर्चासाठी बाजूला ठेवा. वहिनींना लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मिळतात असे तू लिहितेस, तेव्हा संजय गांधी निराधार योजनेच्या मागे लागू नका, कारण तिथली रक्कमही तेवढीच आहे आणि दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. शिवाय तिथे विधवेच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. महिन्याला १,७५० रुपयांत कोणाचे घर चालते, हा प्रश्न मी नोकरीत असताना विचारू शकलो नाही. आता विचारतो, पण ऐकायला कोणी नाही.

'लोक काय म्हणतील' असे वहिनी म्हणतात, त्यावर थोडे लिहितो. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आमच्या जत भागात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुलांना सुकडी मिळायची आणि घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी व्हायची. 'फुकट घेत न्हाई, दगुड फोडून घेतो,' असे ती म्हणे, आणि ते खरेच होते. पण पुढे वडील गेल्यावर जेव्हा तिला निराधार अनुदान मिळू शकत होते, तेव्हाही तिने हेच वाक्य म्हणून अर्जावर अंगठा द्यायचे नाकारले, आणि माझ्या धाकट्या बहिणीची शाळा सातवीत सुटली. रोजगार हमीसाठी शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, हे मला नोकरीत लागल्यावर कळले. माझ्याही पगारातून तो तीस वर्षे कापला गेला. तुझ्या वडिलांनी दुकानातून आणलेल्या प्रत्येक साबणाच्या वडीवर कर भरला आहे. हे वहिनींना तू सांगण्यापेक्षा मी सांगेन. ते काम माझ्याकडे राहू दे.

आजारपणाबाबत एवढेच ध्यानात ठेव की, मिरजेत कोणत्याही मोठ्या दवाखान्यात दाखल होण्याची वेळ आली, तर पैसे भरण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाकडे, जावे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. दवाखाना धर्मादाय असेल, तर त्याने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. तशी मागणी लेखी करावी.

आता त्या दोन रेघांकडे येतो. 'दहा टक्के' म्हणजे महिन्याला दहा टक्के, हे त्या गृहस्थांनी तुला स्पष्ट सांगितले आहे की नाही, मला माहीत नाही. पन्नास हजारांना महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार, आणि वर्षानंतरही मुद्दल पन्नास हजारच. २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवानाधारक सावकारालाही विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नाही. ज्याच्याकडे परवाना नाही त्याचा तर व्यवहारच गुन्हा आहे. असे लोक कोरा धनादेश आणि सही केलेला कोरा मुद्रांक ठेवून घेतात. त्यांनी तो आधीच मागितला असेल आणि दिला असेल, तर लपवू नकोस, मला सांग. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करता येते आणि स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अगदीच अडले तर वहिनींच्या पाटल्या बँकेत तारण ठेवा. दागिना बँकेत ठेवायला मन धजत नाही, हे मी जाणतो, पण तो परत येतो.

कार्यालयात जाशील तेव्हा पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे आणि मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, परंतु पोच नसेल तर मुदत कधीपासून मोजायची? आवाराबाहेर 'मी करून देतो' म्हणणारे भेटतील. त्यांच्यातले काही खरोखर मदत करतात, पण कोणालाही मूळ कागद आणि मोबाईलवर आलेला ओटीपी द्यायचा नाही.

कॉलेज सोडण्याचा निर्णय फीचे उत्तर येईपर्यंत घेऊ नकोस. रविवारी चारनंतर मी घरीच असतो. वहिनींना घेऊन ये, आणि येताना पेटीत सापडतील तेवढे कागद पिशवीत भरून आण, निवडत बसू नकोस. पासबुकाची छपाई पुसट असली तरी चालेल, माझ्याकडे भिंग आहे.

तुझा,
काका