अपग्रेडला तंत्रज्ञ हवाच का?

प्रश्न : सेलूतल्या आमच्या पतसंस्थेत नऊ संगणक आहेत, सगळे रखडत चालतात. रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवायला तंत्रज्ञ प्रत्येक मशीनमागे मजुरी मागतो. आमच्या लिपिकाने बसवलं तर चालेल?

उत्तर : आधी प्रोसेसर बघा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या मशीनवर मजुरी कशाला घालवता?

रॅम लिपिकाला खुशाल बसवू द्या. वायर काढायची, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरायचं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, मगच रॅम धरायची. क्लिप 'टक्' वाजली की बसली. रॅमच्या पिढ्या असतात : डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ जात नाही, खाच वेगळी असते. जोर लावला तर स्लॉट गेलाच म्हणून समजा. नुसतं बीप वाजलं तर आपल्याकडची धूळ आठवा : रॅम काढून सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा.

एसएसडीत जोखीम डेटाची. हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहा. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची एसएसडीवर हुबेहूब नक्कल, झाल्यावर जुनी डिस्क काढूनच मशीन सुरू करा आणि तिच्यातला डेटा महिनाभर पुसू नका. पहिलं मशीन तंत्रज्ञाकडून करून घ्या, लिपिकाला शेजारी बसवा.

सर्व्हर आणि बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डमधला प्रोग्रॅम) अपडेट मात्र पैसे देऊनच, तेही यूपीएसवर. अपडेट चालू असताना मध्येच लाईट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.