शेळ्या लागोपाठ गाभडतात तेव्हा : टॉक्सोप्लाझ्मोसिसचे निदान आणि उपाय

प्रश्न : माझ्याकडे उस्मानाबादी शेळ्यांचा कळप आहे. तीन-साडेतीन महिन्यांच्या गाभण शेळ्या एकामागून एक गाभडल्या. एकीला वाळून तपकिरी पडलेले करडू पडले, दुसरीची करडे दिवस भरून झाली पण अशक्त निघून मेली. शेळ्यांना ताप नाही, चारा नीट खातात. हा मांजरापासून होणारा रोग आहे, तेव्हा मांजरे मारा आणि गाभडलेल्या शेळ्या विकून टाका, असे काहींनी सुचवले. कोणते इंजेक्शन द्यावे? घरात सून गरोदर आहे, तिला धोका आहे का?

उत्तर : आपण दिलेले वर्णन टॉक्सोप्लाझ्मोसिसशी जुळणारे आहे, परंतु केवळ वर्णनावरून या रोगाचे नाव निश्चित करता येत नाही आणि नाव निश्चित झाल्याशिवाय शेळ्या विकू नयेत किंवा औषधांवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रुसेल्ला, क्लॅमिडिया, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया यांसारख्या जिवाणूंमुळे आणि पीपीआरसारख्या विषाणूजन्य रोगातही शेळ्या गाभडतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि त्यांपैकी ब्रुसेल्लोसिस तर शेळ्या हाताळणाऱ्या माणसालाही होतो.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी आहे. त्याची अंडीसदृश बीजे फक्त मांजरवर्गातील प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मांजराला, बहुधा लहान वयात उंदीर किंवा पक्षी खाऊन, पहिल्यांदा संसर्ग होतो, तेव्हा ते एक ते तीन आठवडे लाखोंच्या संख्येने ही बीजे टाकते. पुढे सहसा टाकत नाही. ताजी विष्ठा लगेच रोगकारक नसते. साधारण एक ते पाच दिवसांत ही बीजे पक्व होतात आणि नंतर ओलसर, सावलीच्या मातीत वर्षभराहून अधिक काळ तग धरतात. भुशाची गंजी, कडब्याच्या कुटीचा ढीग, उघडे ठेवलेले खुराकाचे पोते या मांजरांच्या आवडीच्या जागा असल्यामुळे विष्ठा तिथे मिसळते आणि शेळ्या ती चाऱ्याबरोबर किंवा दूषित पाण्यातून पोटात घेतात.

गाभणपणाच्या कोणत्या टप्प्यात संसर्ग झाला, यावर परिणाम ठरतो. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. पहिल्या दीड महिन्यात संसर्ग झाल्यास गर्भ अंगातच जिरतो आणि शेळी पुन्हा माजावर येते, त्यामुळे मालकाला ती फक्त उलटली, म्हणजे तिला गाभ राहिलाच नाही, असे वाटते. मधल्या काळात संसर्ग झाल्यास गाभडणे, वाळलेले गर्भ किंवा एक जिवंत आणि एक मृत करडू असे प्रकार दिसतात. शेवटच्या महिन्यात झाल्यास करडे बहुधा जगतात. आई मात्र आजारी दिसत नाही, हे या रोगाचे ठळक लक्षण आहे.

निदानाची खरी किल्ली वारेत असते, आणि नेमकी तीच आपण फेकून देतो किंवा कुत्री ओढून नेतात. या रोगात वारेवरील गुंड्यांवर (गर्भाशयाला चिकटणाऱ्या गोल उंचवट्यांवर) एक ते तीन मिलिमीटरचे पांढरट ठिपके आढळतात; गुंड्यांमधला पातळ पडदा मात्र बहुतेक वेळा साधाच असतो. पुढची शेळी गाभडली, तर रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून वार व गर्भ वेगवेगळ्या जाड प्लास्टिक पिशव्यांत घ्यावेत, बर्फाच्या डब्यात ठेवावेत (गोठवू नयेत) आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवावेत. तेथून ते औंध, पुणे येथील रोगनिदान प्रयोगशाळेत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येतात. वारेच्या आणि गर्भाच्या मेंदूच्या तुकड्यांवर पीसीआर (परजीवीचे जनुकीय अंश शोधणारी) चाचणी होते. शेळीच्या वारेतून आईच्या रक्तातील प्रतिपिंडे (रोगाविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) गर्भात जात नसल्यामुळे गर्भाच्या छातीतील द्रवात ती आढळली, तर संसर्ग गर्भालाच झाला होता, हे सिद्ध होते.

नुसत्या शेळीच्या रक्ताच्या एका एलायझा (प्रतिपिंडे शोधणाऱ्या) चाचणीवर विसंबू नये. ती सकारात्मक आली, तरी शेळीला कधीतरी संसर्ग झाला होता एवढेच कळते; तो याच गाभणपणात झाला, हे त्यावरून सांगता येत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांची तुलना आणि गाभडलेल्या व न गाभडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शेळ्यांचे रक्त यांतून कळपाचे चित्र बरेच स्पष्ट होते. ब्रुसेल्लाची तपासणी याच वेळी आग्रहाने करून घ्यावी.

इंजेक्शनबाबत सांगायचे, तर गाभडून गेलेल्या शेळीला टॉक्सोप्लाझ्मासाठी औषध देऊन काही साधत नाही. सर्रास टोचले जाणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन क्लॅमिडियासारख्या जिवाणूंवर उपयोगी आहे, या परजीवीवर नाही. निदान पक्के झाल्यावर उरलेल्या गाभण शेळ्यांना सल्फा गटातील औषध द्यावे का, हे पशुवैद्यकाने गाभणकाळ पाहून ठरवावे. त्या काळातील दूध व मांस किती दिवस वापरायचे नाही, हेही त्यांना विचारावे. खुराकातून मोनेन्सिन हे परजीवीविरोधी औषध देण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याच्या योग्य आणि विषारी मात्रेत अंतर फार कमी असते आणि घोड्यांना ते जीवघेणे ठरते, म्हणून मेंढ्यांबरोबर घोडी बाळगणाऱ्या मेंढपाळांनी ते स्वतःच्या मनाने कधीही वापरू नये.

टॉक्सोप्लाझ्माचेच निदान झाले, तर गाभडलेल्या शेळ्या विकू नयेत. एकदा संसर्ग झालेल्या शेळीत प्रतिकारशक्ती तयार होते आणि ती पुढे बहुधा नीट विते. पुन्हा गाभडणे क्वचित घडते. त्या विकून नव्या पाठी (तरुण माद्या) आणल्या, तर रोगाला बळी पडणारी जनावरेच आपण कळपात आणतो. मांजरे मारणेही चुकीचे आहे. जुनी मांजरे गेली की उंदीर वाढतात आणि त्यांच्या मागे नवी, तरुण मांजरे येतात, आणि बीजे टाकण्याचा धोका तरुण मांजरांकडूनच अधिक असतो. एक-दोन प्रौढ मांजरांची नसबंदी करून ती ठेवावीत, त्यांना कच्चे मांस किंवा वार खाऊ घालू नये, खुराक झाकणाच्या पिंपात आणि भुसा ताडपत्रीखाली ठेवावा, पाण्याची हौदी रोज रिकामी करून घासावी. नेहमीची जंतुनाशके या बीजांवर फारशी चालत नाहीत. भांड्यांसाठी उकळते पाणी उपयोगी पडते. तपासणीला न पाठवलेली वार आणि गर्भ कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल, चुना टाकून पुरावेत.

सूनबाईंबाबत कोणतीही जोखीम घेऊ नये. विणाऱ्या किंवा गाभडणाऱ्या शेळ्या, वार, नवजात करडे आणि गोठ्यातील कपडे यांपासून त्यांनी पूर्ण दूर राहावे. यामागे टॉक्सोप्लाझ्माइतकेच ब्रुसेल्ला आणि क्लॅमिडिया हेही कारण आहे. शेळीचे दूध उकळूनच घ्यावे, मटण आतपर्यंत शिजलेले खावे, कच्ची पालेभाजी व कोथिंबीर वाहत्या पाण्यात धुवावी आणि बागेतील मातीत हात घालू नये. गरोदरपणात प्रथमच संसर्ग झाल्यास तो बाळापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून कळपातील घटना स्त्रीरोगतज्ज्ञांना आजच सांगून त्यांच्या सल्ल्याने रक्त तपासावे. उपचाराची गरज पडल्यास औषध तेच ठरवतील. जनावरांचे कोणतेही औषध त्यासाठी वापरू नये.