धुराड्याशेजारचे कुरव

प्रश्न : मी इंग्लंडमधील ब्रायटन येथे राहते. समोरच्या घराच्या धुराड्याशेजारी सीगलच्या जोडीने घरटे केले असून त्यातील तीन पिल्ले मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज पाहत आले आहे. परवा त्यातील एक आमच्या परसात पडले. ते चालते, पण उडत नाही, आणि मी दार उघडले की आईबाप अंगावर झेप घेतात. त्याला घरात आणून पोळी भरवावी का? पांढऱ्या पक्ष्यांची पिल्ले अशी तपकिरी कशी? मुंबईत एवढे सीगल पाहिले, पण पिल्लू कधीच का दिसले नाही?
– एक वाचक, ब्रायटन

उत्तर : कृपया त्याला घरात आणू नका. आपण वर्णन केलेला पक्षी म्हणजे बहुधा हेरिंग गल, आपल्या भाषेत कुरव. मूळचा हा समुद्रकड्यांवर घरटे करणारा पक्षी. धुराड्याचा आडोसा असलेले छप्पर त्याला कड्यासारखेच वाटते. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात आणि पिल्ले पाच-सहा आठवड्यांची झाली की उडू लागतात. त्याआधी छपरावर पंख फडफडवताना एखादे घसरून खाली येणे अगदी नेहमीचे आहे. आईबाप त्याला टाकून देत नाहीत, जमिनीवरही भरवतात, आणि आपल्याला भिववणारी ती झेप म्हणजे पिल्लाची राखण चालू असल्याची खूणच आहे. परसात जाताना छत्री उघडून धरा, उथळ भांड्यात पाणी ठेवा; मांजराची किंवा रस्त्याची भीती असेल तरच त्याला जवळच्या बुटक्या छपरावर ठेवा. जखम दिसली तर मात्र स्थानिक वन्यजीव मदतकेंद्राला कळवा.

पोळीची गरज नाही. खिडकीतून नीट पाहा : मोठ्या पक्ष्याच्या पिवळ्या चोचीच्या खालच्या भागावर लाल ठिपका असतो, पिल्लू त्यावर टोचे मारते आणि मग आई किंवा बाप पोटातले अन्न ओकून पुढे टाकतो. निको टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याच्या खोट्या चोची पिल्लांपुढे धरून या ठिपक्याचे महत्त्व दाखवले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना 1973 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माझ्या मते घरट्याशेजारी राहणाऱ्याला याहून सुंदर दृश्य मिळणार नाही.

तपकिरी, ठिपकेदार रंगामुळे पिल्लू शत्रूच्या नजरेस सहज पडत नाही. करडी पाठ आणि पांढरे अंग यायला सुमारे चार वर्षे लागतात. हा पक्षी ब्रिटनमधील चिंताजनक स्थितीतील पक्ष्यांच्या लाल यादीत आहे आणि 1981 च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या नांदत्या घरट्यालाही संरक्षण आहे, म्हणून शेजाऱ्यांनाही हे अवश्य सांगा.

मुंबईतले कुरव हिवाळी पाहुणे. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर वीण करून येतात, त्यामुळे घरट्यातली पिल्ले मुंबईत दिसत नाहीत. मात्र मरीन ड्राइव्हवरच्या थव्यात शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असलेले जे पक्षी आपण पाहिले असतील, ती त्याच वर्षीची पिल्ले होती.