एम३ विकून एम२ घ्यावी का?

प्रश्न: माझ्याकडे २०१७ची बीएमडब्ल्यू एम३ सेडान आहे, ड्युअल क्लचची (म्हणजे गिअर आपोआप बदलणारी). नीट सांभाळली आहे, इंजिनात काही फेरफार केलेले नाहीत. वॉरंटी कधीच संपली. गेले काही महिने नवी, दोन दारांची एम२ कूपे डोक्यात बसली आहे, तीही सहा गिअरची मॅन्युअल. अशा गाड्या आता फार दिवस मिळणार नाहीत असं सगळे म्हणतात. थोरली चार वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. दुसरी गाडी छोटी हॅचबॅक, ती बायको कामावर नेते. मुलांना पाळणाघरात सोडणं-आणणं माझ्याकडे. आई-बाबा वर्षाआड येतात आणि काही महिने राहतात. हप्ता बसतोय, हिशोब करून पाहिला. आत्ता नाही घेतली तर कधीच घेतली जाणार नाही असं वाटतं. काय करू?

(पत्राखाली पत्नीची एक ओळ आहे: “गाडीला माझी हरकत नाही. फक्त बाळाला मागे कोण बसवणार, तेवढं ह्याला विचारा.”)

उत्तर: खरं तर तुमच्या पत्नीच्या ओळीपासूनच सुरुवात करायला हवी. पण तसं केलं तर तुम्ही मान डोलवाल, “ते जमवू” म्हणाल आणि पुन्हा एम२चे व्हिडिओ बघत बसाल. म्हणून आधी गाडीशेजारी गाडी ठेवून बघू.

तुमच्या एम३चं इंजिन तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो. ४३१ अश्वशक्ती, ५५० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर). २०२२च्या शेवटी जाहीर झालेल्या एम२चं इंजिनही तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं. ताकद ४६०, टॉर्क पुन्हा ५५०. २०२४मध्ये ताकद ४८०वर नेली, ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन-मीटर दिले, मॅन्युअलला मात्र ५५०वरच ठेवलं. आता वजन बघा. तुमची सेडान १,५६० किलोच्या आसपास, मॅन्युअल एम२ १,७००च्या. म्हणजे दरवाजे दोनने कमी, लांबी नऊ सेंटीमीटरने कमी आणि वजन दीडएकशे किलो जास्त! टनामागे अश्वशक्ती काढली तर तुमची २७६ येते, सुरुवातीची मॅन्युअल एम२ २७१, सुधारलेली २८२. शून्य ते शंभरला कंपनीच्याच आकड्यांनुसार तुमची गाडी ४.१ सेकंद घेते. मॅन्युअल एम२ आधी ४.३ घ्यायची, आता ४.२.

ज्या गाडीसाठी जीव टाकताय, ती कागदावर तुमच्याच गाडीपेक्षा कणभर हळू निघते.

आकडे म्हणजे गाडी नव्हे, हे मलाही मान्य आहे. तुमच्या पिढीची एम३ ओल्या रस्त्यावर आणि थंड टायरांवर दचकवते. टर्बो एकदम भरतात आणि मागची चाकं सुटतात. नव्या एम२मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) दहा पायऱ्यांत कमीजास्त करता येतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड आहे, त्यामुळे वळणावर ती चटकन फिरते. नव्या गाडीत बसलं की आपली गाडी जुनी वाटते, तेही खरंच. पण तिथला भलामोठा वक्र पडदा बघून हुरळून जाऊ नका. एसीची बरीचशी बटणं त्या पडद्याच्या पोटात गेली आहेत आणि चालू गाडीत तापमान बदलायला पडद्यावर बोटं फिरवावी लागतात. मला हे अजिबात आवडत नाही.

तेव्हा “अपग्रेड” हे नाव बाजूला ठेवू. वेग तुमच्याकडे आहे. तुम्हाला हवी आहे ती मॅन्युअल गिअरची काडी आणि नवी गाडी. दोन्ही इच्छा रास्त आहेत, त्यांना वेगाचं निमित्त लागत नाही. मॅन्युअलचं म्हणणं तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. मागच्या चाकांना ताकद, सहा सिलिंडर आणि पायाखाली क्लच अशी नवी गाडी आज शोधायला गेलात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडेल. मात्र एखादी गाडी कारखान्यातून निघायची थांबली म्हणून बाजारातून नाहीशी होत नाही. मॅन्युअल एम२ पुढची बरीच वर्षं वापरलेल्या गाड्यांत मिळत राहतील. चांगली मॅन्युअल पुढे महागही राहील कदाचित, पण “आत्ता नाही तर कधीच नाही” हे वाक्य शोरूममधल्या माणसाच्या सोयीचं आहे.

वॉरंटी संपल्याची धास्ती पत्रात दिसतेच. तुमच्या एस५५ इंजिनाचा क्रँक हब हा त्यातला मुख्य बागुलबुवा असणार. क्रँकशाफ्टच्या टोकावरचा हब आणि टायमिंगचं गिअर यांना धरून ठेवायला खाच नाही, पिन नाही. एका बोल्टाच्या दाबावर, निव्वळ घर्षणावर ते बसलेलं असतं. ते सरकलं की व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडतं आणि इंजिनाचं नुकसान होऊ शकतं. दोष खरा आहे, पण बोभाटा होतो तो प्रामुख्याने ट्यून करून ताकद वाढवलेल्या गाड्यांचा. तुमची मूळ अवस्थेत आहे. तरीही झोप येत नसेल तर या कामाचा अनुभव असलेल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये पिन मारलेला किंवा एकसंध हब बसवून घ्या. नव्या गाडीसाठी वर घालाव्या लागणाऱ्या रकमेपुढे तो खर्च किरकोळ आहे. इंजिनाच्या धास्तीने गाडी बदलायची असेल, तर आधी धास्तीवरचा इलाज स्वस्तात होतो का ते बघावं.

आता मागची सीट.

धाकटा दहा महिन्यांचा. युरोपातला आर१२९ हा नियम किमान पंधरा महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करून बसवायला सांगतो, आणि ती किमान मर्यादा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतं तोवर मूल उलटंच बसवा. म्हणजे तिसऱ्या, कधी चौथ्या वर्षापर्यंत. सेडानमध्ये तुम्ही मागचं दार उघडता, कमरेतून थोडं वाकता, मूल बसवता. कूपेत आधी पुढची सीट पुढे सरकवायची, मग हातातलं दहा-बारा किलोचं मूल त्या फटीतून आत न्यायचं, अंग पिळवटून सीटवर ठेवायचं आणि आंधळेपणाने पट्ट्यांचं बक्कल शोधायचं. त्यात मूल कमान करून रडत असेल, बाहेर पाऊस असेल आणि चार वर्षांची थोरली पार्किंगमध्ये मोकळी उभी असेल. हे दिवसातून दोनदा, आठवड्याचे पाच दिवस. पाठ तुमची आहे.

शिवाय उलट्या सीटला मागे-पुढे जागा लागते. ती बसवली की तिच्या पुढची सीट बरीच पुढे घ्यावी लागते. तुमच्या पत्नीची उंची तुम्ही लिहिलेली नाही, पण गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसणं कोणालाच आवडत नाही. कूपेचे दरवाजे लांब असतात हेही ध्यानात घ्या. एम२ लांबीला कमी असली तरी रुंदीला तुमच्या एम३पेक्षा एक सेंटीमीटर जास्तच आहे. शेजारी गाडी लागली की ते लांब दार पुरतं उघडत नाही आणि मग ती फट आणखी अरुंद होते.

आई-बाबांचं तर विचारूच नका. एम३मध्ये मागे तिघांची जागा आहे. एक मुलाची सीट आणि शेजारी आजी-आजोबा असं दाटीवाटीने का होईना जमतं. एम२ला मागे दोनच जागा. साठी-सत्तरीच्या माणसाला गुडघे सांभाळत त्या फटीतून मागे जायला सांगणार का? आई पुढे बसली तर बाबा मागे, मग मुलांपैकी एकाची सीट काढा. डिकी ४८० लिटरवरून ३९०वर येते. विमानतळावरून प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसांना आणायला तुम्ही हॅचबॅक न्याल किंवा टॅक्सी कराल, आणि नवी गाडी घरी उभी राहील.

पैशांबद्दल थोडक्यात. हप्ता बसतो म्हणजे गाडी परवडते असं नाही. तुमच्या एम३ने किमतीतली मोठी घसरण केव्हाच सोसली आहे. नवी घेतलीत तर ती घसरण पहिल्यापासून तुमच्या खिशातून. विम्याचा आकडा अंदाजाने धरू नका, त्याच मॉडेलचा, तुमच्याच पत्त्यावरचा कोट आधी मागवा. थंड हवेच्या देशात असाल आणि हिवाळी टायरांचा संच रिमसकट असेल तर तो एम२ला चालणार नाही. जुन्या गाडीच्या चाकांच्या बोल्टांचं वर्तुळ १२० मिलिमीटरचं, नवीचं ११२चं. तो संचही नवा घ्यावा लागेल, आणि मागची चाकं वीस इंची आहेत. आणि तुम्ही परदेशात व्हिसावर असाल तर कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीपलीकडे जाऊ देऊ नका. नोकरी सुटून दोन-तीन महिन्यांत देश सोडायची वेळ आली, तर गाडी मिळेल त्या भावाला जाते आणि कर्ज मात्र मूळ आकड्यानेच फेडावं लागतं. हा धोका तिथल्या स्थानिक शेजाऱ्याला नसतो, परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना असतो.

तर माझं मत: आत्ता घेऊ नका. एम३ ठेवा. नव्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या घसरणीत जाईल त्याचा काही भाग तिच्यावर खर्च करा. हब, चांगले टायर, ब्रेक फ्लुइड, आणि झिजले असतील तर सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे). इतक्या वर्षांनी बुश बदलले की गाडी पुन्हा घट्ट लागते आणि निम्मी “नवी हवी” भावना तिथेच ओसरते. मॅन्युअलची खाज राहिलीच, तर एखादी जुनी, हलकी, स्वस्त मॅन्युअल गाडी एका वीकेंडसाठी भाड्याने घेऊन बघा. रोजच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसणं तुम्हाला खरंच हवंय का, तेही कळेल.

माझं मत दोन बाबतींत बदलेल. हॅचबॅकच्या जागी चार मोठी माणसं नीट बसतील अशी गाडी येणार असेल आणि पाळणाघराची फेरी तिच्यातून होणार असेल, तर एम२ खुशाल घ्या. मग ती तुमची एकट्याची गाडी आहे आणि तसं उघड बोलून घेतलेली बरी. किंवा नवीनच हवी असेल आणि दरवाजे चार चालत असतील, तर सध्याची एम३ बघा. तीही जड आहे, पण काही देशांत तिची मॅन्युअल मिळते. तिची टूरिंग (मागे लांब डिकीची) आवृत्तीही आहे, अमेरिकेत मात्र ती विकली जात नाही.

एवढं वाचूनही मन मानत नसेल, तर टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. दोन्ही मुलं, दोन्ही सीटा आणि पत्नी, सगळ्यांना घेऊन जा. शोरूमच्या पार्किंगमध्ये, शेजारी गाडी उभी असताना, धाकट्याला स्वतः आत बसवा, बाहेर काढा, पुन्हा बसवा. विक्रेता मदतीला धावला तर त्याला थांबवा. तुमच्या पत्नीच्या ओळीचं उत्तर तिथे तुमच्या तुम्हालाच मिळेल.

मग कधी? धाकटा बूस्टरवर (मोठ्या मुलांच्या उंच बैठकीवर) बसायला लागला आणि स्वतः चढून पट्टा लावू लागला की कूपेची फट त्याला खेळ वाटेल. तोवर सुरुवातीच्या एम२ किमतीत बऱ्याच उतरलेल्या असतील. तेव्हा वापरलेली मॅन्युअल शोधताना ताकदीच्या आकड्यावर जाऊ नका, कागद बघा. पहिल्या दोन हजार किलोमीटरला या गाड्यांची रनिंग-इन सर्व्हिस असते, त्यात इंजिनाचं आणि डिफरन्शिअलचं तेल बदलतात. ती वेळेवर झाल्याची नोंद नसेल तर ती गाडी सोडून पुढची बघा. इंजिन ट्यून करून पुन्हा मूळ अवस्थेत आणलेलं नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. आणि मागच्या सीटवर चढउतार करून बघायला धाकट्यालाच सोबत न्या.