बाळ वर्षाचे झाले, आता अंगावरचे दूध तोडावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुमची मुलगी १४ महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते आणि जेवायला बसवले की तोंड फिरवते. वर्ष उलटल्यावर दुधात सत्त्व राहत नाही असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यातच पुढच्या महिन्यात तुम्हाला पुन्हा कामावर रुजू व्हायचे आहे, तेव्हा दूध तोडावे का आणि तोडायचे तर कसे, हा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात कोथरूडला राहते आणि हिंजवडीच्या एका कंपनीत हिशेबाचे काम पाहते. माझी मुलगी आता चौथीत आहे. तिला मी दोन वर्षे चार महिने अंगावर पाजले. माझे उत्तर असे की, पहिला वाढदिवस झाला एवढ्या कारणासाठी दूध तोडू नका. मात्र दूध चालू आहे म्हणून मुलीच्या ताटाकडे काणाडोळाही करू नका, कारण तो मी केला होता आणि त्याची किंमत मुलीच्या रक्ताच्या तपासणीत दिसली.

आधी त्या ‘पाणी झालेल्या’ दुधाविषयी. आमच्याही घरी हेच झाले. वाढदिवसाच्या आठवड्यातच सासूबाई म्हणाल्या, “आता त्यात काय राहिलंय गं, नुसतं पाणी.” गंमत म्हणजे, दूध वाढावे म्हणून याच सासूबाई दर पंधरा दिवसांनी माझ्यासाठी अळिवाचे लाडू करून डबा भरून ठेवत, आणि तो शिरस्ता वाढदिवसानंतरही मोडला नव्हता. मी वाद घातला नाही. एका रात्री मुलगी पिऊन झोपल्यावर हाताने थोडे दूध काढले आणि काचेच्या वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी ती वाटी ओट्यावर ठेवली तेव्हा खाली निळसर, पातळ दूध होते आणि वर पिवळट सायीचा चांगला थर जमला होता. सासूबाईंनी वाटी खिडकीपाशी नेऊन तिरपी करून पाहिली, परत ठेवली आणि कुकर लावायला वळल्या. त्यानंतर ‘पाणी’ हा शब्द पुन्हा घरात निघाला नाही.

हा गैरसमज कशातून येतो हेही समजून घेण्यासारखे आहे. पाजायला घेतल्या घेतल्या येणारे दूध पातळ असते आणि स्तन जसजसा रिकामा होत जातो तसतशी दुधातली स्निग्धता वाढत जाते. नजरेला पडतात ते बहुधा पहिले चार थेंब, आणि सगळ्या दुधाची परीक्षा त्यांवरूनच होते. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षातही आईच्या दुधातून मुलाच्या एकूण ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग भागू शकतो, आणि रोगजंतूंशी लढणारी द्रव्ये तेव्हाही त्यात असतात. त्यांपैकी लायसोझाइम नावाच्या विकराचे प्रमाण तर या काळात वाढलेले आढळते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान, अशी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ साली आपली भूमिका बदलून दोन वर्षे व त्यापुढेही पाजणाऱ्या आईला पाठिंबा द्यावा असे म्हटले.

घरात परदेशी संघटनांची नावे चालत नसतील, तर सुश्रुतसंहितेचा आधार द्या. मी तो दिला होता. तिथे बालकांचे तीन प्रकार सांगितले आहेत: एक वर्षापर्यंतचे ते क्षीरप, म्हणजे दुधावरचे, दोन वर्षांपर्यंतचे ते क्षीरान्नाद, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारे, आणि त्यानंतरचे ते अन्नाद. पहिल्या वर्षाबाबत आजचे वैद्यक वेगळे सांगते, सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करायलाच हवे. पण तुमची मुलगी आज ज्या वयात आहे त्याला क्षीरान्नाद हा फार नेमका शब्द आहे, आणि त्या शब्दात दूध व अन्न दोन्ही आहेत हे विसरता कामा नये.

कारण सासूबाईंच्या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ‘पिते म्हणून जेवत नाही’, हा उडवून लावण्यासारखा नाही. माझी मुलगी १६ महिन्यांची असताना रात्री तीन-चार वेळा प्यायची, पहाटे प्यायची आणि शिवाय जेवत नाही म्हणून आम्ही तिला दिवसातून तीन कप म्हशीचे दूध द्यायचो. साडेअकराला वरण-भाताची वाटी समोर आली की दोन घास खाऊन ती मान वळवायची. पोट दुधाने भरलेले असताना तिने आणखी काय करायला हवे होते, हे मला तेव्हा सुचले नाही. ती गोरीगोमटी दिसते असे सगळे म्हणत. तो गोरेपणा नव्हता, ती फिकट पडली होती. लसीकरणाला गेलो असता तिथल्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन ८.६ आले. या वयात ते साडेदहा-अकराच्या खाली जाऊ नये.

यामागचे गणित साधे आहे, आणि ते मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सात-आठ मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातले लोह चांगले शोषले जात असले तरी एका लिटर दुधात ते अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसते. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात असलेला साठा सुमारे सहा महिन्यांत संपत येतो, आणि पुढचे लोह जेवणातूनच यावे लागते. गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळपास नसतेच. उलट ते फार झाले तर इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा येतो. हे एकट्या माझ्या घरचे रडगाणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली होती.

डॉक्टरांनी अंगावरचे दूध बंद करायला सांगितले नाही. त्यांनी वरचे दूध दिवसभरात मिळून दोन छोट्या कपांवर आणले, लोहाचे औषध दिले (त्याने शी काळी होते, घाबरू नका) आणि पाजण्याच्या वेळा बदलायला सांगितल्या: आधी जेवण, मग दूध, आणि जेवणापूर्वी दीड-दोन तास काहीच नाही. या वयाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काही खाऊ लागतो. आमच्याकडे नाचणीची आंबील, मेथी किंवा पालक घातलेली मुगाची खिचडी, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ आणि अंडे यांवर भर दिला आणि प्रत्येक वाटीवर लिंबू पिळले, कारण क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांमधले लोह अधिक शोषले जाते. आजोबा आपल्या चहात खारी बुडवून नातीला भरवत असत. चहा लोहाला मारक असल्यामुळे ते थांबवावे लागले, आणि खरे सांगायचे तर सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत अवघड गेले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ होते. अंगावरचे दूध या सगळ्या काळात चालूच होते. तेव्हा तुम्ही काहीही ठरवण्याआधी एकदा मुलीचे रक्त तपासून घ्या. शासकीय कार्यक्रमातही या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह व फॉलिक आम्लाचे औषध द्यायचे असते. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे त्याची चौकशी करता येईल.

आता कामावर जाण्याविषयी. मूल वर्षाचे झाल्यावर कामावर जाण्यासाठी दूध तोडावे लागत नाही. दिवसभर ती जेवेल, पाणी पिईल, थोडे वरचे दूध घेईल. सकाळी, घरी परतल्यावर आणि रात्री तुम्ही पाजू शकता, आणि एक-दोन आठवड्यांत शरीर त्या वेळापत्रकाला सरावते. सुरुवातीचे दिवस मात्र अवघडलेले जातात. माझ्या पहिल्याच आठवड्यात संध्याकाळची बस चांदणी चौकात अडकली होती आणि मागच्या बाकावरचे कुणाचे तरी तान्हे बाळ रडायला लागले; ते रडणे ऐकताच मला पान्हा फुटला आणि कोथरूड येईपर्यंत मी पर्स छातीशी धरून बसले. ओढणी आणि सुती पॅड जवळ ठेवा, आणि दुपारी छाती दगडासारखी झाली तर हाताने जरासे दूध काढून टाका, म्हणजे गाठी होणार नाहीत. शिवाय मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणे व तिथे आईला दिवसातून चार वेळा जाऊ देणे बंधनकारक आहे. तुमच्याकडे त्यातला थोडाच काळ उरला आहे, तरी मागून घ्या.

लोकांच्या बोलण्याकडे मी फारसे लक्ष दिले नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. दात आल्यावर रात्रभर तोंडात दूध राहिले तर ते किडण्याची शक्यता वाढते, म्हणून झोपण्यापूर्वी तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दात घासा आणि रात्रीचे पिणे हळूहळू कमी करा. दुसरे, ‘अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत’ या समजुतीवर विसंबू नका. ते संरक्षण पहिल्या सहा महिन्यांत, बाळ केवळ आईच्याच दुधावर असताना आणि पाळी परत सुरू झालेली नसतानाच धरता येते. तुमच्या स्वतःच्या फायद्याचेही एक आहे: ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचे २००२ साली जे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी कमी होत असल्याचे आढळले होते.

तरीही तुम्हाला थांबायचे असेल, थकवा आला असेल, झोप मिळत नसेल किंवा नुसती इच्छा उरली नसेल, तर तेवढे कारण पुरेसे आहे. वर्षभर पाजल्यावर कुणाला खुलासा देण्याची गरज नाही. फक्त कामावर रुजू होण्याच्या आठवड्यातच तोडू नका, कारण मुलीला एकाच वेळी आईपासून दूर राहणे आणि दूध सुटणे असे दोन धक्के बसतात. तिला ताप किंवा जुलाब झालेले असतानाही नको. एकदम बंद करून छाती घट्ट बांधून ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, तिने दूध साचून गाठी होतात आणि पुष्कळदा थंडी वाजून ताप येतो. दुपारचे पाजणे आधी सोडा, पाच-सहा दिवस जाऊ द्या, मग संध्याकाळचे. झोपतानाचे सर्वांत शेवटी. दूध आटवण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी एकदा कोरफडीचा गर लावून पाहिला होता. मुलगी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. तिने जीभ लावली, तोंड वाकडे केले, उठून मोरीत गेली, दोरीवरचा स्वतःचा नॅपकिन ओला करून आणला आणि “आई, दुदू घाण झालं, पुसते” म्हणत मन लावून पुसले. मग प्यायली. त्यानंतर मी तिला फसवण्याचा नाद सोडला. आपणहून द्यायचे नाही आणि मागितले तर रागवायचे नाही, एवढेच धोरण ठेवले. झोपवण्याचे काम तिच्या बाबांकडे दिले, आणि ते कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाची एकच गोष्ट रोज नव्याने सांगू लागले. पहिल्या चार रात्री रडारड झाली. पाचव्या रात्री वाघ पिंजऱ्यातून बाहेर येण्याआधीच ती झोपली.

पुढे दीड-दोन महिने दाबले की थेंबभर दूध येत असे. ते स्वाभाविक आहे. मात्र एखादी जागा लाल, गरम आणि दुखरी होऊन ताप आला, किंवा गाठ आठवडाभरात विरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. दूध थांबल्याचे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा ओट्यावर अळिवाच्या लाडवांचा नवा डबा भरलेला होता. त्यांनी झाकण उघडले, एक लाडू फोडून अर्धा केला, म्हणाल्या, “यात लोह असतं म्हणतात ना?” आणि तो अर्धा लाडू नातीच्या ताटलीत ठेवला.