पीओपीला भोकं पाडण्याआधी

घरातला उजेड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चिंचवडला टू बीएचके घेतलाय. हॉल ११ बाय १६ फूट आहे, पीओपी झाल्यावर छत नऊ फुटांवर येईल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, हॉलमध्ये दोन रांगांत १२ स्पॉट टाकू, प्रत्येकी १२ वॅटचे, पांढरे. किचन आणि बेडरूममध्येही तसेच. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपतात. हॉलच्या एका भिंतीवर दोन फुटी वारली चित्र लावायचंय. किती वॅटचे घ्यावेत? वॉर्म की व्हाइट? पुढच्या आठवड्यात भोकं पाडणार आहेत.
– एक वाचक, चिंचवड

ताई, सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टरला फोन करून भोकं थांबवा. दिवा बदलता येतो, ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज पुरवणारी छोटी डबी) बदलता येतो, पण पीओपीतलं तीन इंची भोक बुजवलं तरी त्याची गोल कड रंगाखालून दिसत राहते.

आता हिशेब करू. १२ वॅटचे १२ म्हणजे १४४ वॅट. एका वॅटला ९० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) धरले तर तेरा हजारांच्या आसपास लुमेन झाले. तुमचा हॉल जेमतेम साडेसोळा चौरस मीटरचा. निम्मा उजेड फिटिंगमध्ये आणि भिंतींवर गेला असं धरलं, तरी खाली ४०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ४०० लुमेन, उरतात. ऑफिसात टेबलावर काम करायला ३०० ते ५०० लक्स देतात. घरी बसून गप्पा मारायला, टीव्ही बघायला १०० ते १५० भरपूर झाले. शिवाय तुमच्याकडे तो सगळा उजेड सरळ डोक्यावर पडणार. अशा उजेडात प्रत्येकाच्या डोळ्यांखाली सावली पडते आणि भिंती मात्र वरच्या निम्म्या भागात मळकट दिसतात.

स्पॉट हा खोली उजळायचा दिवा नव्हेच. ज्या वस्तूवर उजेड हवा, तिच्यासाठी तो असतो. म्हणून छताचा नकाशा बाजूला ठेवा आणि घरातल्या वस्तूंची यादी करा : वारली चित्र, ओटा, कपाट, सासूबाईंची खुर्ची. हॉलच्या सर्वसाधारण उजेडासाठी पीओपीच्या खाचेतली एलईडी पट्टी किंवा दोन साधे पॅनेल पुरतील. स्पॉट चार, फार तर पाच. आणि त्यांची बटणं वेगवेगळी ठेवा, चित्राचं एक, बसायच्या जागेचं एक. सगळे एकाच बटणावर घेतले तर ते रोज सगळेच लागतील.

वारली चित्राबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण स्पॉटची खरी करामत तिथेच आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर येईल असं धरू. म्हणजे छतापासून चार फूट खाली. उजेड उभ्या रेषेशी ३० अंशांत यायला हवा, म्हणून स्पॉट भिंतीपासून सव्वादोन फुटांवर घ्या. त्याहून जवळ घेतला तर चौकटीची लांब सावली चित्रावर पडते. लांब नेला तर चित्रावरच्या काचेत दिवाच चमकतो, आणि बघणाऱ्याची सावलीही मध्ये येते. फिटिंग तिरपं होणारं मागा. आता झोताचा कोन. डबीवर २४, ३६ किंवा ६० अंश लिहिलेलं असतं, आणि वॅटपेक्षा ते आधी वाचावं. या अंतरावर २४ अंशांचा झोत साधारण दोन फुटांचं वर्तुळ पाडतो, म्हणजे नेमकं तुमचं चित्र. ३६ चा तीन फूट पसरतो. ६० चा घेतलात तर पाच फुटांपर्यंतची भिंत उजळेल आणि चित्र त्यात हरवेल. वॅट पाच पुरेत. रंग ३००० केल्विन, म्हणजे वॉर्म, पिवळसर. हा आकडा वाढेल तसा उजेड पांढरा, मग निळसर होतो. गेरूची पार्श्वभूमी ६५०० च्या निळसर पांढऱ्यात विटलेली दिसते.

डबीवर आणखी एक आकडा शोधा, सीआरआय. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते तो शंभरपैकी सांगतो. एलईडीचा पांढरा उजेड मुळात निळ्या दिव्यावर फॉस्फरचा पिवळसर लेप चढवून तयार होतो. स्वस्त दिव्यांत त्यातला लाल भाग तोकडा पडतो. ८० सीआरआय चालतो, पण चित्रावर आणि ओट्यावर ९० च घ्या. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जाल तेव्हा लाल काठाची साडी पिशवीत न्या. एक ८० चा आणि एक ९० चा असे दोन दिवे, पण एकाच रंगाचे, म्हणजे ३००० केल्विनचे, शेजारी शेजारी लावायला सांगा आणि काठ आळीपाळीने दोन्हींखाली धरा. ९० च्या खाली काठ कुंकवासारखा लाल दिसेल, ८० च्या खाली तपकिरीकडे झुकेल. दुकानदार खळखळ करेल, तरी धरा. पैसे तुमचे जाणार आहेत आणि तो उजेड रोज तुमच्या घरात राहणार आहे.

किचनमध्ये कॉन्ट्रॅक्टर स्पॉट खोलीच्या मधोमध घेतात. मग ओट्याशी उभं राहिलं की उजेड पाठीवर आणि आपलीच सावली विळीवर, सुरीवर. ओटा दोन फूट खोल असतो आणि वरची कपाटं सव्वा फुटाच्या आत संपतात. या दोन कडांच्या मधली, भिंतीपासून वीस इंचांची रेघ पकडा आणि तिच्यावर सात वॅटचे, ६० अंशांचे स्पॉट तीन-साडेतीन फुटांवर घ्या. खर्च झेपत असेल तर वरच्या कपाटांच्या खालून एलईडी प्रोफाइल (ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवलेली एलईडी पट्टी) घ्याच, सावलीचा प्रश्नच मिटतो. इथे रंग ४००० केल्विन. डाळीतला खडा आणि पालकावरची अळी त्यात चटकन दिसते.

बेडरूममध्ये उशीच्या वर एकही स्पॉट नको. आडवं पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो सरळ घुसतो. कपाटासमोर दोन फुटांवर दोन घ्या, म्हणजे दार उघडलं की खालच्या कप्प्यापर्यंत उजेड जातो. रंग वॉर्मच. रात्रीच्या निळसर उजेडाने झोप यायला उशीर होतो.

सासूबाईंचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांना उजेड कमी नकोय, दिवा दिसायला नकोय. त्या बसतात तिथून एकाही स्पॉटचं तोंड दिसता कामा नये. त्यासाठी चिप (दिव्यातला प्रत्यक्ष उजेड देणारा ठिपका) खोलवर बसवलेलं, आतून काळं असलेलं फिटिंग मिळतं, दुकानात ‘अँटी ग्लेअर’ म्हणून मागा. पेपर वाचायला त्यांच्या खुर्चीमागे खांद्याच्या उंचीवर टेबल लॅम्प किंवा उभा दिवा द्या. आणि रात्री उठून बाथरूमला जायच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर एक वॅटचा वॉर्म फूटलाइट. तो आजच वायरमनला सांगा, नंतर भिंत फोडावी लागते.

ड्रायव्हर वेगळा असलेला दिवा घ्या. बहुतेकदा चिप आधी जात नाही, ड्रायव्हरच जातो, कारण एलईडीची उष्णता मागच्या बाजूला जाते आणि पीओपीत ती कोंडते. त्यामुळे मागचा ॲल्युमिनियमचा भाग जड असावा, हातात घेऊन बघा. ड्रायव्हर बदलताना त्यावरचा मिलिअँपचा आकडा जुन्याशी जुळवा. ३०० च्या दिव्याला ६०० चा लावला तर दिवा जळतो. आणि प्रत्येक प्रकारातला एक नग जास्तीचा आत्ताच घेऊन ठेवा, दोन वर्षांनी त्याच छटेचा मिळेलच असं नाही.

भोकं पाडायच्या आधी एक संध्याकाळ काढा. वायरमनला लांब वायरवर एक स्पॉट जोडून द्यायला सांगा, तो काठीच्या टोकाला बांधा आणि अंधार पडल्यावर घरातल्या एकाने शिडीवर चढून ठरलेल्या जागी छताशी धरावा. सासूबाईंना त्यांच्या खुर्चीत बसवा. त्या ‘चालेल’ म्हणाल्या की तिथे पेन्सिलने फुली मारा.

प्रश्न : आमच्या जुन्या बंगल्यात छोटे हॅलोजन स्पॉट होते, दोन बारीक पिनांचे. त्याच मापाचे पाच वॅटचे एलईडी आणून लावले तर ते लुकलुकतात. दिवे खराब निघाले का?
– एक वाचक, नाशिक

दिवे बहुधा ठणठणीत आहेत. तुमचे एमआर-१६ प्रकारचे, १२ व्होल्टचे दिवे आहेत आणि वर छतात प्रत्येकाला ट्रान्सफॉर्मर असणार. तो ५० वॅटच्या हॅलोजनसाठी बनवलेला असतो. त्याला चालू राहायला किमान काही भार लागतो, बऱ्याचदा २० वॅटच्या आसपास. पाच वॅटवर तो सुरू होतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. दोन वाटा आहेत. ट्रान्सफॉर्मर काढून १२ व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर बसवा, किंवा होल्डरच बदलून जीयू-१० करा. त्याच्या पिना जाड, टोकाशी बोंडासारख्या असतात आणि दिवा फिरवून बसतो. तो थेट २३० व्होल्टवर चालतो, मध्ये काही लागत नाही. मी दुसरी वाट सुचवेन. पण जुना १२ व्होल्टचा दिवा चुकूनही २३० ला जोडू नका.

प्रश्न : बटण बंद केल्यावरही स्पॉट मंद पेटलेला राहतो. वीज जाते का?
– एक वाचक, सांगली

वीज नावापुरती जाते, पण कारण शोधायला हवं. बटणावर छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह एलईडीला पुरतो. साधं बटण लावा, प्रश्न संपेल. इंडिकेटर नसेल तर वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्या. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज (वीज आणणारी तार) लागला, तर बटणातून न्यूट्रल (परतीची तार) तुटतोय, फेज नाही. तसं असेल तर दिवा बदलताना शॉक बसू शकतो. ते दुरुस्त होईपर्यंत त्या दिव्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा.