एप्रिलात लग्न आहे, तोवर चेहरा सुधारेल का?

प्रश्न : मी 22 वर्षांची, डिचोलीची. पणजीला एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम करते. दहावीपासून तोंडावर पुळ्या येतात. गेल्या वर्षी एका फार्मसीत ‘मुरुम जातील, रंगही उजळेल’ असं सांगून एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा लख्ख झाला. आता लावायची थांबवली की आग होते, तोंड लालबुंद होतं आणि पुळ्या दुपटीने येतात. ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी नावं आहेत. आजी चंदन-हळद आणि लिंबू लाव म्हणते, मावशी होमिओपॅथी सुचवते, वहिनी मासे सोड म्हणते. मैत्रिणीला आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गुण आला, पण त्याने पुढे मूल होत नाही असं ऐकलं. माझी पाळी कधीकधी दोन महिने येत नाही. एप्रिलात लग्न आहे. पाच महिन्यांत काय करता येईल? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : बाय, तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ट्यूबवरची तीन नावं. ती उतरवून पाठवलीस, फार बरं केलंस.

म्हापशाला मी 24 वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. शुक्रवारी बाजार आटपून पेडण्याहून, डिचोलीहून माणसं दवाखान्यात येतात आणि भाजीच्या पिशवीतून अशीच अर्धी पिळलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवतात. तिच्यातलं हायड्रोक्विनोन रंग उजळवायला असतं, ट्रेटिनॉइन मुरुमांसाठी, पण मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून पहिले आठ दिवस चेहरा चकचकीत दिसतो. पण महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि स्टेरॉइडमुळेच नव्या पुळ्या उठतात. थांबवल्यावर आग होते ती ह्याच कारणाने. चेहऱ्याला त्या औषधाची सवय लागलेली असते. आग झाली की माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतं. ह्यात तुझी चूक काडीचीही नाही. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती काउंटरवरून आजही सहज मिळतात. ह्याचा मला मनापासून संताप येतो.

मग आता काय? ट्यूब बंद करायची, पण ती एकदम बंद करायची की हळूहळू, हे चेहरा बघूनच ठरवावं लागतं. म्हणून बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग ओपीडीत जा, नाहीतर जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. पहिला महिना त्वचा शांत करण्यात जाईल: सौम्य, बिनवासाचा फेसवॉश दिवसातून दोनदा, साधं मॉइश्चरायझर, आणि बाहेर पडताना जेलसारखं हलकं सनस्क्रीन. बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापॅलिन ही मुरुमांची चांगली औषधं आहेत, पण आत्ता तुझ्या भाजलेल्या कातडीवर ती लावलीस तर डोळ्यांतून पाणी येईल. त्यांची वेळ नंतर.

आधी मुरुम होतो कसा ते सांगते, म्हणजे घाई का चालत नाही ते कळेल. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना हार्मोन्समुळे ती जास्त तेल सोडते, मेलेल्या पेशींचं बूच त्या छिद्राच्या तोंडाशी बसतं, आत जंतू वाढतात आणि मग सूज. आज आरशात दिसलेल्या पुळीचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेलं असतं. म्हणूनच कुठल्याही औषधाला 8 ते 12 आठवडे द्यावेच लागतात. पंधरा दिवसांत औषध बदलणारे पेशंट मी रोज बघते. ते मुळीच आळशी नसतात, त्यांना हे कोणी समजावलेलं नसतं.

त्वचा शांत झाली की अझेलिक अ‍ॅसिड तुझ्यासाठी सोयीचं ठरेल. ते मुरुम आणि काळपट डाग दोन्हींवर चालतं, शिवाय लग्नानंतर दिवस राहिले तरी चालू ठेवता येतं. अडापॅलिन आणि डॉक्सिसायक्लिन (हे अँटिबायोटिक) तशी नाहीत, ती गरोदरपणाचा विचार करण्याआधी थांबवावी लागतात. अँटिबायोटिक मिळालंच तर साधारण तीन महिन्यांच्या वर ओढू नको, आणि ते नुसत्या क्रीमच्या रूपात एकटं वापरू नको. जंतू निर्ढावतात. पुढे कधी बेंझॉइल पेरॉक्साइड आलं तर 2.5 टक्क्यांचंही पुरतं, जोर वाढवून आग तेवढी वाढते. आणि पांढरा टॉवेल ठेव. त्याने रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे फिकट पडतात.

आयसोट्रेटिनॉइनचं. खोल, गाठीच्या मुरुमांवर त्याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध आमच्याकडे नाही. त्याने कायमचं वांझपण येत नाही, तो धाक मनातून काढ. खरा धोका वेगळा आहे: गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर महिन्याभरात दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. कोर्स बहुधा पाच-सहा महिने चालतो. तुझं लग्न एप्रिलात, म्हणजे गोळ्या लग्नानंतरही चालूच राहणार. म्हणून मी तरी आत्ता देणार नाही. पुढे मूल हवं तेव्हाचा बेत तुम्ही दोघांनी ठरवलात की बोलू.

पाळीचं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंस, मला ते वर हवं होतं. पाळी लांबते, हनुवटी-जबड्यावर पुळ्या येतात, ओठांवर केस वाढलेत, असं असेल तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोश आणि हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घे. गायनॅकला भेट. मूळ तिथे असेल तर नुसत्या मलमाने भागणार नाही.

आता घरचे उपाय. लिंबू अजिबात नको. मी सतरा वर्षांची असताना माझ्या आजीनेही प्रेमाने लिंबू चोळलं होतं आणि मी तशीच कुळागरात (सुपारीच्या बागेत) उन्हात काम केलं. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते. ते तपकिरी पट्टे जायला सहा महिने लागले. तुझी आजीही तुझ्या भल्यासाठीच सांगते, तिला हे शांतपणे सांग. चंदन-हळद बऱ्या झालेल्या त्वचेवर बहुधा निरुपद्रवी, पण सध्या काहीच नको.

आयुर्वेदाला मी कमी लेखत नाही. सुश्रुताने तरुणांच्या चेहऱ्यावरच्या ह्या पुळ्यांना मुखदूषिका म्हटलंय आणि त्या सावरीच्या काट्यांसारख्या दिसतात असं वर्णन केलंय. आपल्या रानातली काटेसावर बघ, इतकं नेमकं वर्णन आजच्या पुस्तकातही नाही. त्याने वेखंड, लोध्र, धण्यांचे लेप सांगितले आहेत. शिकलेल्या वैद्यांकडून घे, हरकत नाही, पण नाव नसलेली पुडी पोटात घेऊ नको. तसल्या पुड्यांत पारा, शिसं निघालेलं आहे. टी ट्री तेलाची 5 टक्क्यांची जेल चालते, सावकाश. होमिओपॅथीने मुरुम जातात ह्याला भक्कम पुरावा नाही, मावशीचा मान ठेवून मी एवढंच सांगेन.

आणि मासे खा, बाय. हुमण-भाताने पुळ्या येत नाहीत. गोड पेयं, मैद्याचे पाव, बेकरीचे पदार्थ मात्र कमी कर. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं काहींचे मुरुम वाढवतं. खोबरेल केसांच्या टोकांना लाव, कपाळापर्यंत ओघळू देऊ नको. डिचोली-पणजी स्कूटरने येत असशील तर हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा दर दोन दिवसांनी धू.

पार्लरवाली ‘ब्राइडल पॅकेज’मध्ये ब्लीच, फेशियल, पील सुचवेल. ते सगळं राहू दे. ओपीडीत जाशील तेव्हा मेकअप न करता जा, मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहून ने, आणि ती अर्धी ट्यूब कचऱ्यात न टाकता पर्समध्ये ठेव. डॉक्टरांना ती दाखवायचीय.